एक आवडतं, एक नावडतं: घर, नोकरी आणि मुलं सांभाळणाऱ्यांनो, तुमची पुस्तकं सांगा

अनुजा, मिरज

नमस्कार मंडळी,

इथे पुस्तकांवर भरपूर लिहिलं जातं, पण लिहिणाऱ्या बहुतेकांना वाचायला थोडी तरी सवड मिळत असावी असं वाटतं. मला विचारायचंय ते दुसऱ्या लोकांना. घरात लहान मुलं आहेत, नवरा-बायको दोघंही कामाला जातात, आणि वाचन होतं ते कुकरच्या शिट्यांकडे कान ठेवून, शाळेच्या गेटबाहेर स्कूटरवर बसून, नाहीतर मुलं झोपल्यावर डोळे मिटेपर्यंत, अशांना. तुमचं सगळ्यांत आवडतं पुस्तक कोणतं आणि सगळ्यांत नावडतं कोणतं? एकेकच सांगा. आणि कारण नीट लिहा, ‘छान आहे’ किंवा ‘बोअर झालं’ एवढ्यावर सोडू नका.

आधी माझं सांगते.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मुलगा चौथीत, मुलगी साडेतीन वर्षांची. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली आणि सॅम्पल सेंट्रिफ्यूजला लावली की दहाएक मिनिटं ते मशीन फिरत राहतं. तेवढ्यात ग्लोव्हज काढून, हात धुऊन मी मागच्या खोलीत जाते आणि वाचते. त्यामुळे मला असं पुस्तक लागतं, जे कुठेही उघडलं तरी दोन पानांत काहीतरी पदरात टाकतं आणि पटकन मिटलं तरी रुसत नाही.

ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. 1934 मध्ये त्याचा पहिला भाग आला, म्हणजे नव्वद वर्षं होऊन गेली, आणि तरी ही बाई समोर बसून बोलतेय असं वाटतं. तिचं लग्न झालं ते वय आज आपल्या पोरी पाचवी-सहावीत असतात तेव्हाचं. माहेरी सोवळ्याचं वेड लागलेले वडील. सासरी असा नवरा, जो कधी कुठे निघून जाईल आणि कधी परत येईल याचा पत्ता नाही. घरात काय आहे, काय संपलंय याची त्याला फिकीर नाही, आणि कवी मात्र मोठा. 1895 मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. त्यानंतरची काही वर्षं ती लहान मुलाला घेऊन नवऱ्यापासून वेगळी राहिली. या सगळ्यावर तिला रडगाणं गाता आलं असतं. ती गात नाही. ती भांडते, हसते, फजिती झाली तर तीही सांगते, टिळकांवर चिडते आणि त्यांच्यावर तिचा किती जीव आहे हेही लपवत नाही. मला सगळ्यांत मोठी वाटते ती जागा पुढे येते. कुणाच्याही उपदेशाशिवाय, स्वतःशीच वाद घालत ती मनातून जातिभेद काढून टाकते. कुणी तिला शिकवत नाही, धमकावत नाही. ती विचार करते, तिला पटतं, आणि मग ती मागे बघत नाही. शाळेत न गेलेली बाई हे करते. ते पान वाचलं की पुढचा अख्खा दिवस मला बरं वाटतं.

आता नावडतं. मला माहितेय, यावरून बोलणी खावी लागतील. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’.

माझ्या मुलाच्या बारशाला त्याच्या दोन प्रती आल्या. दोन्ही मला दिलेल्या, त्याला नाही. एकीवर ‘तूही अशी आई हो’ असं लिहिलेलं होतं. देणाऱ्यांनी प्रेमानेच दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. शाळेत असताना मी ते पुस्तक रडत वाचलं होतं. आई झाल्यावर परत वाचायला घेतलं आणि अर्ध्यातच माझा जीव गुदमरायला लागला. ती आई देते, देते आणि देतच राहते. अंगात ताप असला तरी राबते. शेवटी हालात मरते. आणि वाचणारे म्हणतात, आई असावी तर अशी.

माझ्या टेबलावर रोज ज्या स्लिपा येतात त्यात बायकांचं हिमोग्लोबिन बघा. बाराच्या वर हवं. सात असतं, साडेसहा असतं. चाळिशीच्या आतल्या बायका. जिना चढताना दम लागतो म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या असतात. ‘जेवता काय?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘सगळ्यांचं झालं की जे उरतं ते’. आणि हे सांगताना आवाजात कमीपणा नसतो, अभिमान असतो. तो अभिमान कुठून आला? मी पुस्तकाला सगळा दोष देत नाही, पण आई म्हणजे झिजणं, हे ज्या गोष्टींनी आपल्या मनात पक्कं केलं त्यात हे पुस्तक पुढे आहे. माझ्या मुलीने आईची मोजपट्टी म्हणून ते हातात घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता तुम्ही सांगा.

---

डोंबिवलीकर

अनुजाताई, विषय काढलात म्हणून लिहितो, एरवी मी इथे नुसताच वाचत असतो.

बायको बँकेत आहे आणि दोन वर्षांपूर्वी तिची बदली रत्नागिरीला झाली. दोन मुली माझ्याजवळ, एक सहावीत, एक पहिलीत. आई आहे, पण तिचे गुडघे दुखतात, स्वयंपाकघरात तिला फार वेळ उभं राहवत नाही. म्हणून माझं आवडतं पुस्तक सांगितलं तर लोक म्हणतील हे काय पुस्तक झालं. तरी सांगतो. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’.

1970 मध्ये आलेलं हे पुस्तक. आमच्याकडची प्रत आईच्या वेळची, पुठ्ठा निघालेला, भाजणीच्या पानावर हळदीचं बोट उमटलेलं. बदलीची ऑर्डर आली तेव्हा मला चहा, आम्लेट आणि मॅगी एवढंच येत होतं. पहिल्या आठवड्यात यूट्यूबवर बघून करायला गेलो. तिथे आधी पाच मिनिटं गप्पा, मग ओव्हन, मग दुकानात कधी न पाहिलेलं कसलंतरी सॉस. ओगलेबाई काय करतात? साहित्य सांगतात, कृती सांगतात आणि बाजूला होतात. माप वाटीचं आणि चमच्याचं. माझ्या घरात वाटी आहे, चमचा आहे, झालं. शिकवण्यात एवढी सभ्यता मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. समोरच्याला काही येत नाही हे धरून लिहिलंय आणि तरी त्याला कुठे कमी लेखलेलं नाही.

रात्री मुली झोपल्या की मी ते नुसतं वाचत बसतो. उद्या काय करायचं म्हणून उघडतो आणि कुठल्या कुठे जातो. ज्या भाज्या आमच्या घरातून गेल्या, ज्यांची नावंही मुलींना माहीत नाहीत, त्या सगळ्या तिथे आहेत. धाकटीने मध्ये एकदा विचारलं, ‘बाबा, या पुस्तकात गोष्ट कुठे आहे?’ मी म्हटलं, ‘आपण करू ती’. मग दोघांनी मिळून थालीपिठं लावली.

नावडतं: शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’. कॉलेजात असताना मी त्याची पारायणं केली होती. कर्ण म्हणजे देव. मोठीसाठी काढलं आणि सीएसएमटीच्या फास्ट लोकलमध्ये परत वाचायला घेतलं. एक तर ते जाडजूड पुस्तक एका हातात धरून उभं राहता येत नाही. पण खरी अडचण आत आहे. नऊ भाग, सहा जण आपापली कहाणी सांगतात. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. कल्पना केवढी मोठी! पण सगळे एकाच आवाजात बोलतात. वृषालीचं पान कुठलं आणि दुर्योधनाचं कुठलं, हे नाव झाकून ओळखता येणार नाही. आणि कुंती तान्ह्या बाळाला पेटीत घालून नदीत सोडते तिथे तर शब्दांच्या एवढ्या झालरी लावल्यात की त्या पोरीपर्यंत पोचताच येत नाही. मोठी जन्मली तेव्हा दवाखान्यात मी तिला पहिल्यांदा हातात घेतलं होतं, तो क्षण आठवला. तिथे उपमा सुचत नाहीत. माझं वाचन तिथेच थांबलं.

सावंतांचे चाहते चिडतील. पण कारण विचारलंत, ते दिलं.

---

आटपाडीचा

आवडतं: व्यंकटेश माडगूळकरांचं ‘माणदेशी माणसं’. आमच्याच तालुक्यातलं म्हणून सांगत नाही. एक बैठक, एक माणूस. गोठ्यात धार काढून झाली, दूध डेअरीला पोचवलं, पोराचा डबा भरला की एवढाच वेळ उरतो. शब्द मोजके. दुष्काळाबद्दल एक वाक्य असतं आणि पुढचं आपल्याला दिसतं, कारण आपण ते बघितलेलं असतं. पोराला मोठ्याने वाचून दाखवतो. त्यातली काही माणसं आमच्या गावात अजून तशीच आहेत असं तो म्हणतो, आणि बरोबर म्हणतो.

नावडतं: ‘मुलाला यशस्वी कसं घडवाल’ छापाची सगळी. एकाचं नाव कशाला घ्यायचं. एका नातेवाइकाने दिलं होतं. पहाटे पाचला मुलाला उठवा, अर्धा तास ध्यान, अर्धा तास इंग्रजी बातम्या, रविवारी ध्येयाचा तक्ता करा. पाचला आमच्याकडे मी आणि बायको दोघंही शेणात असतो. तक्ता कुठे लावायचा, म्हशीच्या पाठीवर? ज्याने लिहिलं त्याने असं घर पाहिलेलंच नाही, आणि तो आम्हाला सांगतोय तुमचं काय चुकतंय.

---

वरदा, आइंडहोवन

अनुजा, तुमचं लॅबचं वर्णन वाचून थांबले होते, आज लिहिते.

आम्ही नवऱ्याच्या नोकरीसाठी इकडे नेदरलँड्सला आलो. मी पण आता पूर्णवेळ काम करते. मुलगी सहा वर्षांची. इथे लायब्ररीचं सभासदत्व अठराच्या आतल्यांना फुकट असतं. दर शनिवारी पिशवीभर डच पुस्तकं येतात, पुढच्या शनिवारी परत जातात. मराठी पुस्तकं मात्र सुटकेसमधून येतात, मेतकूट आणि भडंगाच्या मधल्या जागेत. त्यामुळे कुठलं आणायचं याचा मी फार विचार करते. एक वाईट निघालं तर वर्षभर तेच घरात असतं.

माझं आवडतं पुस्तक एक नाही, पण बाई एकच आहे, म्हणून चालवून घ्या. माधुरी पुरंदरे. ‘राधाचं घर’ ही त्यांची मालिका आमच्याकडे आहे. घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटं पुस्तक. चित्रंही त्यांचीच. त्यात काहीही घडत नाही, म्हणजे राक्षस येत नाही, परी येत नाही. माणसं घरात असतात, आपापलं काम करतात, आणि एक लहान मुलगी त्यांना बघते. माझ्या मुलीचं मराठी माझ्यापुरतं आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलपुरतं. आजोबा तिला स्क्रीनएवढेच माहीत. पुस्तकातले आजोबा बघितल्यावर तिने पुढच्या कॉलला माझ्या बाबांना विचारलं, ‘तुम्ही दिवसभर काय काय करता, पहिल्यापासून सांगा’. बाबा चाळीस मिनिटं सांगत होते. त्या दोघांत असं बोलणं त्याआधी झालं नव्हतं. हे पुस्तकाने केलं.

मोठ्यांचं म्हणाल तर ‘तोत्तोचान’, मराठीतून. तेत्सुको कुरोयानागींनी लिहिलेली त्यांच्या लहानपणची शाळा. रेल्वेच्या डब्यांत भरणारे वर्ग सगळ्यांना आठवतात. मला आठवतात ते मुख्याध्यापक कोबायाशी. पहिल्याच दिवशी ते त्या मुलीसमोर खुर्ची ओढून बसतात आणि तिचं बोलणं चार तास ऐकतात. चार तास! मी दिवसाकाठी माझ्या मुलीचं सलग किती वेळ ऐकते, हा प्रश्न त्यानंतर मी रोज स्वतःला विचारते. आणि त्यांचा तो डब्याचा नियम, काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं. किती साधा! आईला न धमकावता डबा चौरस कसा होईल ते सांगितलं. आमच्याकडे रोज सकाळी डबा भरताना मुलगी विचारते, ‘डोंगर कुठे आहे?’ मग एक काकडी पडते.

नावडतं सांगते. पंचतंत्र, इसापनीती, अकबर-बिरबल यांची ती चकचकीत, एका बैठकीत उतरवून काढल्यासारखी पुस्तकं. गोष्टी वाईट नाहीत, शेकडो वर्षं टिकलेल्या आहेत. पण प्रत्येक गोष्टीच्या खाली चौकटीत ‘तात्पर्य’. माझी मुलगी गोष्टीनंतर दहा प्रश्न विचारते. माकडाने मगरीला पुन्हा माफ केलं का? मगरीच्या बायकोला खरंच काळीज खायचं होतं का? तात्पर्य वाचून दाखवलं की ती गप्प होते. उत्तर मिळालं, संपलं. आता मी चौकटीवर स्टिकर लावते. वाघाचे, गाडीचे, जे मिळतील ते.

‘श्यामची आई’बद्दल मी गप्प बसते. मला ते अजूनही वाचवतही नाही आणि टाकवतही नाही.

---

देवरुखच्या बाई

अनुजा, मी तुला अगं-तुगं करते, रागावू नकोस. वयाने मोठी आहे. हायस्कुलात मराठी शिकवलं, आता लेक आणि जावई दोघंही नोकरीला म्हणून दोन नातवंडं माझ्याकडे. तेव्हा या धाग्यावर मलाही हक्क आहे असं समजते.

तुझ्या त्या हिमोग्लोबिनच्या स्लिपा मी वाचल्या आणि पुस्तक बाजूला ठेवून आधी हे सांगते की तू लिहिलंस ते खरं आहे. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया मी पाहिल्या आहेत. पण मोजपट्टी पुस्तकाने दिली की आपण पुस्तकाची केली, हे नीट बघायला हवं.

हे लिहिलं कुणी आणि कुठे? 1933 चा फेब्रुवारी, नाशिकचा तुरुंग, तेहतीस वर्षांचा एक माणूस. पाच दिवसांत लिहून काढलं. आई जाऊन पंधरा वर्षं होऊन गेलेली, 1917 मध्ये गेली ती. शेवटच्या वेळी तो तिच्याजवळ नव्हता. हे एका मुलाने फेडलेलं ऋण आहे. आयांनी कसं वागावं हे सांगायला तो बसलेलाच नाही. आई कशी होती ते तो सांगतोय. पुस्तकात रात्रीमागून रात्र श्याम आश्रमातल्या मित्रांना गोष्ट सांगतो. ते बारशाला बाळाच्या आईला द्यायचं पुस्तक नव्हेच. द्यायचंच झालं तर बाळाच्या बापाला द्यावं, आणि पुढे बाळ मुलगा असेल तर त्याला.

आता पुस्तकातलंच बघ. पहिली रात्र कुठली? ‘सावित्री-व्रत’. वटपौर्णिमेचं व्रत, वडाला प्रदक्षिणा घालायच्या, आणि आईच्या अंगात ताप. तू म्हणतेस ती अंगात ताप घेऊन राबते. पुढे राबते, नाही म्हणत नाही. पण पहिल्याच रात्री ती काय करते? उठून जात नाही. मुलाला म्हणते, माझ्याऐवजी तू घाल. मुलगा लाजतो, बायकांत जायचं, पोरं हसतील. ती त्याला सांगते की चांगलं काम करायला लाजायचं नाही, लाजायचं ते वाईट करायला. आणि तो जातो. बायकांचं मानलेलं काम मुलगा करतो, आईच्या सांगण्यावरून, गावादेखत. 42 रात्रींमधली ही पहिली आहे. गुरुजींना सुरुवात कुठूनही करता आली असती.

पुढे ‘अळणी भाजी’ आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील न बोलता जेवतात, वडील बोलले नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. ती शेवटी पानावर बसते तेव्हा तिला कळतं. ही गोष्ट मी वर्गात शिकवायचे तेव्हा मुलांना विचारायचे, ‘या गोष्टीत संयम कुणी दाखवला?’ सगळे म्हणायचे, आईने. मग परत वाचायला लावायचे. तुझी तक्रारही याच गोष्टीत आहे बघ, ती शेवटी जेवते म्हणून तिला शेवटी कळतं. हे मला तुझं वाचून दिसलं. इतकी वर्षं शिकवलं, पण त्या बाजूने पाहिलं नव्हतं.

आणि असल्या आईचा मुलगा पुढे काय झाला? अमळनेरच्या शाळेत शिक्षक, वसतिगृह सांभाळायला. तिथे मुलांच्या खोल्या झाडायचा, त्यांचे कपडे धुवायचा, आजारी पडलं तर उशाशी बसायचा. मुलगा आई झाला. 1947 मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला तोही हाच. त्या घरातून काय बाहेर पडलं ते हे आहे.

माझं नावडतं विचारशील तर त्याच पुस्तकाच्या आता मिळणाऱ्या कापलेल्या आवृत्त्या. स्वामित्वहक्क संपल्यापासून कुणीही छापतो. काही रात्रींच्या गोष्टी गाळलेल्या, शुद्धलेखनाची वाट, मुखपृष्ठावर पदराने डोळे पुसणारी बाई. मुळातली आई, पोर पोहायला जात नाही म्हणून त्याला शिंपटीने फोडून काढते, हे त्या मुखपृष्ठावरून कुणाला कळणार?

आवडतं मग कधीतरी सांगेन, नातू उठला.

---

डोंबिवलीकर

बाई, ‘बापाला द्यावं’ हे वाक्य मी बायकोला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘तुला द्यायला हरकत नाही, तू आधीच भाजीत मीठ विसरतोस.’ माझ्याकडे सध्या उलटी परिस्थिती आहे, न बोलता जेवणाऱ्या दोन मुली आहेत. धाकटीने एकदा आमटी अळणी होती हे दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर सांगितलं. तोपर्यंत का नाही सांगितलं म्हटल्यावर म्हणाली, तू दमलेला दिसत होतास.

---

अनुजा, मिरज

बाई, रागावायचं कशाला, तुमचं उत्तर मी लॅबमध्ये वाचलं आणि सेंट्रिफ्यूज केव्हा थांबलं ते कळलंच नाही.

‘सावित्री-व्रत’ मी काल रात्री काढलं. मुलाला शेजारी घेऊन मोठ्याने वाचलं. तो मध्येच म्हणाला, ‘मग ती पोरं हसली का?’ म्हटलं पुढे ऐक. वाचून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प होता आणि मग त्याने विचारलं, ‘तुला ताप आला तर लॅबमध्ये मी जाऊ शकत नाही ना?’ नाही, पण धाकटीला शाळेतून आणू शकतोस, शेजारच्या काकूंबरोबर. ते त्याने कबूल केलंय. बारशाची एक प्रत आता त्याच्या कप्प्यात गेली. ‘तूही अशी आई हो’ लिहिलेलं पान तसंच आहे, मी फाडलेलं नाही. त्याला वाचता येतं, तो विचारेल तेव्हा त्याच्याशी बोलेन.

तरी माझं नावडतं मी बदलत नाही. तुम्ही म्हणता ते गुरुजींबद्दल पटलं, पुस्तक कुणासाठी आहे तेही पटलं. पण पुस्तक लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं त्यावर ते जगत नाही, लोक त्याचं काय करतात त्यावरही जगतं. बायकांच्या हातात ते ज्या रीतीने दिलं जातं ती रीत माझ्या टेबलापर्यंत पोचते. आज सकाळी अजून एक स्लिप होती, 6.8. सोबत सासूबाई आल्या होत्या, त्यांचं 11.9. मी सुनेला काही बोलले नाही, सासूबाईंना बोलले. म्हटलं, आजपासून हिला तुमच्याबरोबर जेवायला बसवा, नंतर नको. त्या ‘बरं’ म्हणाल्या. करतील की नाही कुणास ठाऊक, पण त्यांनी ऐकून घेतलं.

आटपाडीचे दादा, ‘माणदेशी माणसं’ सांगलीला जाईन तेव्हा आणते. मुलाला मोठ्याने वाचायला कुठल्या माणसापासून सुरुवात करू तेवढं सांगा.

वरदा, ‘राधाचं घर’ साडेतीन वर्षांच्या मुलीला चालेल का? ती अजून पानं चावते.

आणि बाई, तुमचं आवडतं राहिलं. नातू झोपला की लिहा.